एक काना जास्त : कोल्हापुरातल्या तालीम-मंडळांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहरातील सर्व तालीम मंडळे, तरुण मंडळे आणि मित्र मंडळे यांचे अध्यक्ष, खजिनदार, आणि अहवालाचं काम ज्याच्या गळ्यात पडलंय तो कार्यकर्ता यांस

विषय : ‘परंपरेनुसार’ हा शब्द छापायला देण्याआधी

सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुमचे अहवाल यायला लागतात. मी ३१ वर्षं इथल्याच एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. खिळे जुळवायचे दिवस पाहिले, ट्रेडल पाहिलं, ऑफसेट पाहिलं. आता पोरं मोबाइलवर पीडीएफ पाठवतात आणि ‘आण्णा, सांजच्यापत्तुर बघून द्या’ म्हणतात. मी कागदावर छापूनच मागतो. हातात पेन्सिल नसली की मला चूक दिसत नाही.

या अहवालांतला एक शब्द मी आजवर किती वेळा दुरुस्त केला असेल, त्याची मोजदाद नाही. ‘पारंपारिक’. पारंपारिक वाद्यांच्या गजरात, पारंपारिक वेशभूषेत, पारंपारिक पद्धतीने. बरोबर शब्द आहे पारंपरिक. ‘परंपरा’ला ‘इक’ लागला की पहिल्या अक्षराला काना मिळतो, मधल्या ‘प’ला नाही. व्यवहाराचं व्यावहारिक होतं, परिवाराचं पारिवारिक होतं, तसंच हे. तुम्ही मात्र दोन्ही ‘प’ना काना देऊन मोकळे होता. जिभेला सोपं जात असेल, किंवा शब्द जेवढा लांब तेवढं वजन जास्त असं वाटत असेल.

नुसत्या काना-मात्र्याचा प्रश्न असता तर पेन्सिलीवर भागलं असतं, पत्र लिहायला बसलो नसतो.

दोन वर्षांपूर्वी एका अहवालात वाक्य होतं : ‘मंडळाने लेसर शोची परंपरा यंदाही जपली आहे.’ मी समासात लिहिलं, ‘किती वर्षांची?’ रात्री साडेनऊला फोन आला. ‘आण्णा, गेल्या साली पण केलता की!’ मी म्हटलं, मग त्याला परंपरा म्हणू नका, फार तर पायंडा म्हणा. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग, ‘पायंडा म्हटलं तर वर्गणी कमी येती, आण्णा.’

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण शब्द तोच बरोबर होता. पायंड्यात पाय आहे. एकानं पाऊल टाकलं, खूण उमटली, मागच्याला तिथंच पाय ठेवणं सोपं गेलं. पायंडा पडायला एक वर्ष पुरतं. वहिवाट पडायला जास्त लागतं. बांधावरून भांडलेल्या कुणालाही विचारा. तहसीलदारांपुढं गेलात की ते विचारतात, रस्ता किती वर्षं वापरात होता, कोण जात होतं, बैलगाडी जात होती का. त्या कामाला १९०६ सालचा मामलेदार न्यायालय कायदा अजून लागतो. ‘आमची परंपरा आहे साहेब’ एवढ्यावर तिथं कुणी वाट सोडत नाही. शिरस्ता आणखी वेगळा. तो फारसीतल्या ‘सररिश्ता’वरून आला, सर म्हणजे डोकं किंवा टोक आणि रिश्ता म्हणजे धागा. कचेरीत कागदांचा धागा ज्याच्या हाती तो शिरस्तेदार. म्हणून कचेरीचा शिरस्ता असतो, देवळाचा नसतो. निदान नसावा.

आपल्याकडं हे इतके शब्द आहेत आणि प्रत्येकाचं वजन निराळं आहे. तरी अहवालात सगळ्यांच्या जागी एकच शब्द येऊन बसतो.

तर आधी तो शब्दच उचलून बघू. परंपरा म्हणजे ‘परम्’ आणि ‘पर’, एकाच्या पुढं दुसरा, त्याच्या पुढं तिसरा. संस्कृतात पहिला अर्थ रांग. ‘पर’ म्हणजे पुढचा, पलीकडचा, आणि परकासुद्धा. आपल्या ‘परवा’तही तोच पर आहे. आपला परवा गमतीचा आहे : परवा आलो, परवा येतो, मागंही तोच, पुढंही तोच. परंपरेचं तसंच. नुसतं मागं बघून ती होत नाही. रांगेतला शेवटचा माणूस ‘आता माझ्यामागं कुणी उभं राहू नये’ म्हणाला, तर तिथं रांग राहत नाही, एक माणूस राहतो.

गीतेच्या चौथ्या अध्यायातला दुसरा श्लोक तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असेल. ‘परम्पराप्राप्तम्’ हा शब्द त्यात आहे. असा परंपरेनं आलेला हा योग राजर्षींना माहीत होता, असं श्रीकृष्ण सांगतात. आणि त्याच श्लोकाच्या दुसऱ्या ओळीत सांगतात की पुष्कळ काळ गेला आणि तो नष्ट झाला. म्हणून तर अर्जुनाला नव्यानं सांगावा लागतोय. पहिली ओळ फ्लेक्सवर येते. दुसरी आलेली मी अजून पाहिली नाही.

कॉलेजात पोरं ‘ट्रॅडिशनल डे’ करतात, फेटे बांधून बुलेटवर येतात, छान दिसतात. त्या ट्रॅडिशनचं लॅटिन मूळ म्हणजे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती सोपवणं. आपल्या ‘संप्रदाय’मध्येही ‘दा’ म्हणजे देणंच आहे. पण इंग्रजीत फितुरीला जो ‘ट्रेझन’ शब्द आहे तोही त्याच लॅटिन शब्दातून निघाला. किल्ल्याच्या किल्ल्या पोराच्या हाती दिल्या की वारसा, शत्रूच्या हाती दिल्या की फितुरी. क्रिया एकच.

आता तुमच्या घरचा शब्द : तालीम.

गेल्या साली एका मंडळाचा नवा, शिकलेला चिटणीस माझ्याकडं आला. मंडळाचं नाव बदलायचा विचार होता. तालीम हा शब्द परकीय आहे, परंपरेत बसत नाही, ‘व्यायाममंदिर’ कसं वाटतं? पोरगा मनापासून विचारत होता, म्हणून मी त्याला हसलो नाही. चहा दिला.

तालीम अरबी आहे हे खरंच. इल्म ज्या धातूतून आला त्यातूनच तालीम आली, अर्थ शिक्षण. म्हणजे लाल मातीच्या खोलीला आपण शाळा म्हणतोय, आणि ते बरोबरच आहे. वस्ताद हा फारसी उस्ताद. पैलवान फारसी, आणि तो शब्द जुन्या इराणातल्या पार्थियन लोकांच्या नावापर्यंत जातो. कुस्ती फारसी. जोर मारता तो जोर फारसी. खुराक फारसी, खुराकातला बदाम फारसी, दूध मात्र संस्कृत ‘दुग्ध’वरून. आखाडा संस्कृत ‘अक्षवाट’वरून. मल्ल संस्कृत. ज्या हौद्यात तुम्ही माती उकरता तो हौद अरबी. आणि ज्या पारंपरिक वाद्यांसाठी आपण डॉल्बीशी भांडतो, त्यातला ताशा फारसीतून आला. लेझीमही फारसी; लोखंडी साखळी लावलेलं व्यायामाचं धनुष्य, असा तिचा मूळ अर्थ. हलगी सीमेपलीकडच्या कानडी मुलखातही वाजते आणि तिथं तिला परकी कुणी म्हणत नाही. डॉल्बी हे तर एका अमेरिकन इंजिनिअरचं आडनाव. आपल्याकडं भिंतीएवढ्या कुठल्याही स्पीकरला ते चिकटलं. पन्नास वर्षांनी कुणी ‘पारंपरिक डॉल्बी’ छापेल आणि माझ्या जागी बसलेला माणूस फक्त काना बघेल.

चिटणिसानं बिनतोड मुद्दा काढला. म्हणाला, ‘पण महाराजांनी स्वतः राज्यव्यवहारकोश करवला ना?’ करवला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं रघुनाथपंत हणमंते यांनी दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश सिद्ध केला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. ते राज्यकारभाराचं काम होतं आणि त्यामागं मोठा विचार होता. पण पेशव्याला मुख्य प्रधान हा शब्द मिळाला तरी पुढं शंभर-सव्वाशे वर्षं लोक काय म्हणत राहिले? पेशवाच. ‘शास्त्राद्रूढिर्बलीयसी’ असं पंडितच म्हणून गेलेत. शास्त्रापेक्षा रूढी जोरदार. तोंडात बसलेला शब्द कोश काढून उठत नाही.

मंडळानं नाव तेच ठेवलं. माझ्या सांगण्यामुळं नव्हे. नवीन पाटीचा खर्च ऐकून.

त्याच तालमीतले वस्ताद मला चांगले ओळखतात. एका पहाटे गेलो तर ते फावड्यानं हौदा उकरत होते. मातीत ताक, हळद, लिंबू, तेल मिसळायचं चाललं होतं आणि सगळीकडं आंबट वास सुटला होता. मी सहज विचारलं, ही माती किती जुनी? म्हणाले, ‘तालीम माझ्या आज्ज्याच्या वक्ताची. माती? दर साली नवी घालतोय की. जुनीच ठिवली तर दगूड व्हती, पोराची पाठ फुटल.’ आणि परत उकरायला लागले. एवढंच.

आता मुख्य गोष्ट. तीस वर्षं प्रुफं वाचताना मला एक सवय दिसली आहे, तुमची नव्हे, आपल्या सगळ्यांचीच. एखादी गोष्ट टाकायची असली की आपण तिला प्रथा म्हणतो, ठेवायची असली की परंपरा म्हणतो. सतीची प्रथा, हुंड्याची प्रथा, देवदासीची प्रथा. पण कुस्तीची परंपरा, वारीची परंपरा, दसऱ्याची परंपरा. रूढीची गत त्याहून वाईट : ‘अनिष्ट’ या विशेषणाशिवाय ती बिचारी घराबाहेर पडत नाही. म्हणजे न्याय आधीच झालेला असतो आणि शब्द मागून निकालपत्रावर सही करतो.

मुळात या शब्दांत वाईट काही नाही. रूढी ‘रुह्’वरून, म्हणजे वाढणं, वर चढणं. आरोहणातला, घोड्यावर आरूढ होण्यातला तोच धातू. जे वाढलं ते रूढ. प्रथा ‘प्रथ्’वरून, म्हणजे पसरणं, पृथ्वी त्याच कुळातली. संस्कृतात प्रथेचा अर्थ चक्क कीर्ती. रीत ‘री’ म्हणजे वाहणं यावरून, प्रवाह. चाल म्हणजे चालणं, आचारातला ‘चर्’ही तोच. रिवाज अरबी, नाणं बाजारात चालणं, माल खपणं असा त्याचा अर्थ. म्हणजे रिवाज आणि चलन हे दोन भाषांतले सख्खे भाऊच. वाढणं, पसरणं, वाहणं, चालणं, खपणं. तुम्ही शोधून बघा, या घराण्यात ‘जागचं न हलणं’ असा अर्थ असलेला शब्द मला तरी सापडलेला नाही. सनातनसुद्धा नाही म्हणता येणार. त्याच्या शेवटी जो ‘तन’ आहे तो पुरातनमध्ये आहे, चिरंतनमध्ये आहे, आणि नूतनमध्येही आहे. सनातन आणि नूतन एकाच प्रत्ययाचे. पुराण या शब्दाबद्दल तर यास्कानं निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांची मुळं सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, लिहिलंय : ‘पुरा नवं भवति’. पूर्वी कधीतरी जे नवं होतं ते पुराण.

सार्वजनिक गणपतीचंच बघा की. १८९३ नंतर तो गावोगाव पसरला. तेव्हा कुठल्यातरी घरात कुणीतरी म्हातारा ‘देव काय चौकात बसवायचा असतो का’ असं म्हणालाच असणार.

हे सगळं मी आनंदानं सांगतोय असं वाटेल. पण या पत्राचं कारण आनंदाचं नाही.

आमची आक्का, माझी थोरली बहीण, मेहुणे गेल्यापासून आमच्याकडंच असते. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या गणपतीसाठी ती दर साली वाती वळून देते. श्रावणातल्या दुपारी कापसाचा पेळू मांडीवर घेऊन बसते, बोटाला थोडी राख लावते, आणि एकेक वात वळून जुन्या बिस्किटाच्या डब्यात रचत जाते. पन्नास झाल्या की वर एक सुपारी ठेवते, मोजायला. गेल्या साली तिनं ११०० दिल्या.

गेल्याच साली मंडळानं महिलांसाठी हळदीकुंकू ठेवलं. आक्का शेजारणींबरोबर गेली. मांडवाच्या दारात फ्लेक्स होता : ‘परंपरेनुसार फक्त सुवासिनींसाठी’. दारातला पोरगा चांगला होता, आक्काच्या हातचे लाडू खाऊन वाढलेला. खालच्या आवाजात म्हणाला, ‘आक्का, तुम्ही हिकडं बसा, मी तुमाला प्रसाद आणून देतो.’ आक्का जनरेटरच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. पाऊण तासानं घरी आली. कुणाला काही बोलली नाही. जेवली, आपलं ताट घासून पालथं घातलं, आणि बिस्किटाचा रिकामा डबा माळ्यावर टाकला. तो डबा कायम स्वयंपाकघरात असतो.

तिच्या वाती चालल्या. ती चालली नाही.

आणि मी? तो फ्लेक्स आठ दिवस आधी माझ्या टेबलावर होता. मजकूर आला होता ‘परंपरे नुसार फक्त सुवासीनींन साठी’. मी ‘परंपरेनुसार’ जोडून घेतलं, ‘सी’ची ‘सि’ केली, ‘नींन साठी’चं ‘नींसाठी’ केलं आणि खाली बरोबरची खूण करून सही ठोकली. शुद्धलेखन निर्दोष होतं. दोष मंडळाला देताना एवढं सांगणं भाग आहे.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. कोश काढला. सवाष्ण हा शब्द सुवासिनीवरून आला, हे माहीत होतं. पण संस्कृत कोशात सुवासिनीचा एक अर्थ असा दिलाय : वडिलांच्या घरी राहणारी स्त्री, लग्न झालेली किंवा न झालेली. ‘स्ववासिनी’ असंही तिचं एक रूप, आपल्या घरी राहणारी. नवरा हयात असलेली बाई हा अर्थही आहे, पण तो एकटा नाही. मनुस्मृतीतल्या तिसऱ्या अध्यायात सांगितलंय की सुवासिनी, कुमारिका, आजारी माणसं आणि गरोदर बायका यांना पाहुण्यांच्याही आधी जेवू घाला. नवीन लग्न झालेली सून किंवा लेक, असा तिथला अर्थ टीकाकार लावतात. म्हणजे नवऱ्याच्या हयातीपेक्षा बाई कुठं राहते, कुणाच्या पंखाखाली आहे, याची काळजी त्या शब्दात होती.

आमची आक्का आज वडिलांनी बांधलेल्या घरात राहते. कोशाच्या हिशेबानं त्या मांडवात स्ववासिनी कुणाला म्हणायचं हे तुम्हीच ठरवा.

विधवा या शब्दाचीही एक गोष्ट आहे. ‘वि’ म्हणजे विना आणि ‘धव’ म्हणजे नवरा, असं आपण शाळेत शिकलो. भाषाशास्त्र उलट सांगतं. विधवा हा शब्द फार जुना, लॅटिन ‘विदुआ’ आणि इंग्रजी ‘विडो’ त्याचेच नातलग. मुळात अर्थ एकटी पडलेली, वेगळी झालेली. लोकांनी तो मागाहून चुकीचा फोडला, त्यातून धव हा नवरा काढला, आणि धव सापडल्यावर सधवा तयार केली. एका चुकीच्या फोडीतून बायकांच्या दोन रांगा.

आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. तिथं शब्द वापरला गेला ‘विधवा प्रथा’. प्रथा म्हटलं म्हणून टाकता आली, असं मी म्हणणार नाही. गावानं धाडस केलं म्हणून टाकता आली. पण आमच्या गल्लीत त्याच गोष्टीला फ्लेक्सवर परंपरा म्हटलं, आणि मग तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही.

कोल्हापुरात हे नवीन नाही. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हटले जात होते, म्हणजे त्यांना वेदमंत्रांचा अधिकार नाही असं धरलं जात होतं, आणि त्यातून वेदोक्त प्रकरण पेटलं. समोरच्यांकडं पूर्वापार चालत आलेलं होतं, ग्रंथ होते, अधिकार होते. महाराज त्या वादात अडकून बसले नाहीत. १९१८ ला त्यांनी महार वतनं रद्द केली. वतन हा अरबी शब्द, मायदेश असा अर्थ. आपल्याकडं येईपर्यंत त्याचा अर्थ वंशपरंपरेनं गळ्यात बांधलेली चाकरी असा झाला होता. १९२० ला पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात त्यांनी क्षात्रजगद्गुरूंची, म्हणजे मराठा समाजाच्या स्वतंत्र धर्मगुरूंची, गादी सुरू केली. पहिल्या दिवशी ती गादी किती जुनी होती? कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं तेही महाराजांनीच. आज तुम्ही ज्याला कोल्हापूरची परंपरा म्हणून छाती पुढं काढता, त्यातलं बरंच काही एका माणसानं परंपरा मोडूनच उभं केलंय. आपल्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांचा फोटो असतो. जाहिरातीचं पान वाढलं की लहान होतो, पण असतो.

तुमच्यातला कुणी म्हणेल, आण्णा, शब्दाचं मूळ काढून माणसाचा हक्क ठरतो का? नाही ठरत. उद्या संशोधकानं दाखवून दिलं की सुवासिनी म्हणजे फक्त नवरा असलेलीच बाई, दुसरा अर्थ नव्हताच, तरी आक्काला जनरेटरजवळ बसवणं बरोबर होत नाही. शब्दांचा जुना अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. तसं असतं तर प्रथेला आपण अजून कीर्ती म्हणालो असतो. व्युत्पत्तीनं भांडण मिटवता येत नाही. पण ‘हे असंच होतं’ असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणायला लागला की ‘कधीपासून?’ असं विचारायची सोय ती करून देते. आणि ‘परंपरेनुसार’ हा शब्द नेमका तेवढ्यासाठीच वापरला जातो, ‘कधीपासून’ आणि ‘कुणी ठरवलं’ हे दोन प्रश्न कुणी विचारू नयेत म्हणून. कुणी ठरवलं होतं आमच्या मांडवात? मी चौकशी केली. तीन कार्यकर्ते म्हणाले, दुसऱ्या एका मंडळाच्या फ्लेक्सवर तसं होतं, तोच मजकूर घेतला. फॉन्टसुद्धा तोच.

तर माझं मागणं साधं आहे. परंपरा हा शब्द सोडू नका. फक्त तो लिहिताना दोन नावं डोळ्यांपुढं आणा : हे तुम्हाला कुणी दिलं आणि तुम्ही कुणाला देणार. वस्तादांना ही दोन नावं न अडखळता सांगता येतात. सांगता आली की बिनधास्त लिहा, मधल्या ‘प’ला काना न देता. सांगता आली नाहीत तर जे खरं असेल ते लिहा. लेसर शो ही हौस आहे, हौस म्हणा. त्यात कमीपणा नाही, कोल्हापूर हौशी गाव आहे. आरतीचा मान वर्गणीवर ठरत असेल तर तो नियम आहे, नियम म्हणा. मिरवणुकीचा क्रम ही वहिवाट आहे. आणि कुणाला बाहेर ठेवायचं असेल तर ‘आम्ही बाहेर ठेवतोय’ असं लिहा, खाली तुमची सही करा, आजोबांची नको.

यंदाच्या हळदीकुंकवाचा मजकूर काल संध्याकाळी आला. शब्दन् शब्द गेल्या सालचाच, चुकासुद्धा त्याच. पोरानं जुनी फाइल उघडून फक्त तारीख बदललेली दिसते. मी केलेल्या दुरुस्त्या त्या फाइलीत कधी गेल्याच नव्हत्या. मी ‘नुसार’ जोडलेलं नाही, ‘सी’ तशीच ठेवली आहे, आणि सबंध ओळीभोवती पेन्सिलीनं वर्तुळ काढून समासात लिहिलंय, ‘कुणी ठरवलं?’ सही केलेली नाही.

कागद टेबलावर आहे, दुपारी बारानंतर कधीही येऊन न्या. आक्काचा डबा अजून माळ्यावरच आहे. वाती हव्या असतील तर ते तिच्याशी बोला, माझ्याशी नाही.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
मंगळवार पेठ, कोल्हापूर